टेबलावरच्या रंधा यंत्राची बदली पाती: कोणती घ्यावीत आणि कशी पारखावीत?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ घरामागच्या पडवीत मी हौसेने सुतारकाम करतो. फळ्या एका जाडीच्या करण्यासाठी माझ्याकडे मकिटाचे 2012एनबी हे 12 इंची यंत्र आहे. त्यात दोन पाती असून प्रत्येकाला दोन्ही कडांना धार असते, त्यामुळे एक कड बोथट झाली की पाते फिरवून दुसरी कड वापरता येते. पहिली कड शिवणीचे लाकूड आणि पॅकिंगच्या खोक्यांतले पाइन यांच्यावर जवळजवळ दोन वर्षे पुरली. दुसरी कड मी गेल्या दिवाळीनंतर लावली आणि गुढीपाडव्याच्या आत ती संपली. मधल्या काळात काकांच्या पाडलेल्या घराच्या सागवानी तुळया, ऐनाचे दोन वासे आणि फणसाच्या काही रुंद फळ्या यंत्रातून गेल्या, एवढाच काय तो फरक.

सध्याची लक्षणे सांगतो. बाहेर आलेल्या फळीवर डाव्या कडेपासून चार बोटांवर एक उंच रेघ असते; नख फिरवले तर ते तिथे अडते. फणसाच्या फळीत लाकडाच्या धाग्यांची रेषा जिथे वळते तिथे लाकूड रंधले न जाता उपटून निघते आणि तांदळाच्या दाण्याएवढे खड्डे पडतात. आवाजही बदलला आहे. पूर्वी यंत्र एकसुरी घोंघावत असे, आता ऐनाची फळी घातली की ते कण्हते आणि फळी पुढे नेणारे रूळ मध्येच घसरतात.

नवी पाती घ्यायची हे नक्की आहे, पण पर्याय पाहून गोंधळलो आहे. यंत्राच्या कंपनीची पाती महाग आहेत. त्याच मापाची म्हणून विकली जाणारी दुसरी पाती निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि त्यांच्या पाकिटावर नुसते ‘एचएसएस’ (हाय-स्पीड स्टील, म्हणजे हत्यारांचे कठीण पोलाद) लिहिलेले असते. एका दुकानदाराने टंगस्टन कार्बाइडची धार असलेली पाती मागवून देतो, ती दहापट टिकतील, असे सांगितले. शिवाय बाजारपेठेतला धारवाला म्हणतो की नवी कशाला घेता, हीच घासून देतो. माझ्या लाकडांचा विचार करता कोणता मार्ग शहाणपणाचा ठरेल?

गुण्या

मी पिंपरीच्या एका कारखान्यात हत्यारे बनवण्याच्या विभागात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तुम्ही पोलादापासून सुरुवात केली आहे. माझ्या मते सुरुवात पात्याच्या बैठकीपासून करावी. पाते यंत्रात कसे बसते आणि त्याची उंची कोण ठरवते, हे आधी पाहा. यंत्रे दोन प्रकारची असतात. आपल्याकडच्या बिडाच्या जड रंधा मशिनींत पाते सिलिंडरच्या खाचेत पाचर आणि बोल्ट यांनी आवळलेले असते आणि त्याची उंची माणूस गेज लावून ठरवतो. तिथे पाते घासून दोन मिलिमीटरने अरुंद झाले तरी बिघडत नाही, कारण तेवढेच ते वर उचलून घेता येते. टेबलावरच्या लहान यंत्रांत मात्र पात्याची जागा कारखान्यातच ठरवून दिलेली असते. पिन, खोबण किंवा टेकू यांच्यावर पाते बसले की उंची आपोआप लागते. बदलायला हे फार सोयीचे आहे, पण त्यामुळे सगळा भार पात्याच्या मापावर येतो. टेकूपासून धारेपर्यंतचे अंतर दोन्ही पात्यांत सारखे नसेल, तर ते दुरुस्त करायला तुमच्या हातात एकही स्क्रू नाही.

स्वस्त पात्यांची खरी अडचण इथे आहे. मागे शेजारच्या एका हौशी माणसाने अशीच एक जोडी आणली होती. पोलाद वाईट नव्हते, कानशीला दाद देत नव्हते. परंतु बारीक माप घेणारा व्हर्नियर लावला तेव्हा एकाच पात्याची रुंदी एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला 0.12 मिमीने वेगळी निघाली. अशा पात्याने रंधलेली फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ होणार. एकट्या फळीत ते कळत नाही. सहा फळ्या कडेला कडा लावून चिकटवल्या की कळते.

म्हणून पाती कोणाचीही घ्या, पण बसवण्याआधी चार गोष्टी कराच. जुने आणि नवे पाते एकावर एक ठेवून भोके व खोबणी जुळतात का ते पाहावे. रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजावी आणि जाडीही मोजावी, कारण पाते जाड असेल तर पकडपट्टी नीट बसत नाही आणि पातळ असेल तर पकड ढिली राहते, जे सर्वांत धोक्याचे आहे. पाते जाड काचेवर आडवे ठेवून खालून उजेड येतो का ते बघावे. शेवटी दोन्ही पाती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन सारखे आहे याची खात्री करावी. तुमच्या यंत्राचा ड्रम, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंड, मिनिटाला 8,500 फेरे घेतो, तिथे वजनातला फरक थरथर होऊन बाहेर येतो.

आता पोलाद. एचएसएस हे एका पोलादाचे नाव नसून कुळाचे नाव आहे. त्यातल्या जुन्या, नावाजलेल्या टी1 प्रकारात 18 टक्के टंगस्टन, 4 टक्के क्रोमियम आणि 1 टक्का व्हॅनेडियम असते. बाजारात ‘अठरा टक्केवाले’ म्हणतात ते हेच. एम2 प्रकारात टंगस्टन सुमारे 6 टक्के, मॉलिब्डेनम 5, क्रोमियम 4 आणि व्हॅनेडियम 2 टक्के असते. लाकडासाठी दोन्ही उत्तम आहेत. चिनी पात्यांवर डब्ल्यू18 लिहिलेले असेल तर ते टी1च्या जातीचे समजावे. पाकिटावर नुसते एचएसएस असेल आणि विक्रेत्याला प्रकार सांगता येत नसेल, तर मी ते पाते घेणार नाही.

सुतारपक्षी

गुण्यासाहेबांनी मापाचे सांगितले ते बरोबरच आहे. मी कोल्हापुरात दारे-खिडक्यांचा कारखाना चालवतो. आमच्या मोठ्या मशिनीला 3 मिमी जाडीची तीन पाती आहेत आणि ती घासून घासून आम्ही वर्षानुवर्षे वापरतो. तुमच्या यंत्राची पाती त्या जातीची नाहीत, ती वापरून टाकण्यासाठीच केलेली असतात. धारवाल्याला ती द्यायची असतील तर दोन्ही पाती एकाच वेळी, एकाच पकडीत, सारखी घासून द्या असे सांगावे लागेल, आणि साध्या सहाणेवर काम करणाऱ्या माणसाला ते जमणार नाही.

तो घासताना पाण्याचा फवारा सोडत नसेल तर धारेवर निळे डाग पडतात. निळे झालेले पाते मेले असे समजा.

कार्बाइडबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नवे, स्वच्छ सागवान एकसारखे रंधायचे असेल तर कार्बाइडला तोड नाही. सागवानात सिलिका असते, म्हणजे लाकडाच्या पोटातच बारीक वाळू असल्यासारखे आहे, आणि ती एचएसएसची धार खाते. पण तुम्ही म्हणता की तुळया जुन्या घराच्या आहेत. जुन्या लाकडात खिळा असतोच. दहा काढले तर अकरावा मोडून आत राहिलेला असतो. एचएसएसच्या धारेला खिळ्याने दाता, म्हणजे खाच पडते. कार्बाइडचा टवकाच उडतो, आणि तो कुठे उडेल हे कोणी सांगू शकत नाही. वर ते पाते हिऱ्याच्या चाकाशिवाय घासले जात नाही. चिपळुणात असे चाक असलेला माणूस मिळाला तर मला जरूर कळवा.

ढलपी

माझा अनुभव हौशीचा आहे, तरी दोन गोष्टी लिहिते, कारण पुण्यातल्या पाडलेल्या वाड्यांचे सागवान आणून त्यावर काम करण्यात मी बरीच पाती खर्ची घातली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पाती मागवण्याआधी जुनी पाती बाहेर काढून दिव्याखाली धरा. यंत्राची वायर भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडू नका आणि हातात जाड मोजे घाला. पाते विजेरीसमोर हळूहळू तिरके करत न्या. तीक्ष्ण धार प्रकाश परत फेकत नाही, ती काळीच दिसते. जिथे धार गोलावली आहे तिथे केसासारखी पांढरी चकाकती रेघ दिसते. आमचे वयस्कर मिस्त्री म्हणत, ‘धार दिसली म्हणजे धार गेली.’ तुमच्या फळीवरची उंच रेघ दात्याची आहे. पात्यात जिथे खाच आहे तिथे लाकूड कापले जात नाही आणि तेवढी रेघ उभी राहते. मात्र दोन पात्यांपैकी एकालाच दाता पडला असता तर दुसऱ्या पात्याने ती रेघ कापून टाकली असती. रेघ नखाला लागते, याचा अर्थ दोन्ही पाती एकाच जागी दुखावली आहेत, म्हणजे खिळाच असणार. ज्यांची पाती थोडी बाजूला सरकवता येतात ते एक पाते मिलिमीटरभर सरकवून रेघ घालवतात. ठरावीक जागी बसणाऱ्या पात्यांत बहुधा ती मुभा नसते.

दुसरी गोष्ट अशी की पात्यांवर राळ आणि तेलकट काळा थर साचला असेल तर धार चांगली असूनही ती बोथट असल्यासारखी वागते. सागवानाच्या तेलाने हा थर लवकर साचतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो निघतो. त्याच वेळी रूळही पुसून घ्या, कारण तुमचे रूळ घसरतात त्यात बोथट धारेइतकाच रुळांवरच्या चिकट थराचाही हात असू शकतो.

खिळ्यांसाठी मी एक युक्ती करते. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून अगदी जवळून, सावकाश फिरवते. आत लोखंड असेल तिथे लंबकाची चाल बिघडते आणि तो एका बाजूला ओढला जातो. धातुशोधक यंत्र अधिक चांगले, पण या चुंबकाने माझे निदान चार वेळा तरी पाते वाचवले आहे.

आणि पॉलिश कागदाने घासलेली फळी पुन्हा यंत्रात कधीही घालू नका. कागदाचे कण लाकडात रुतून बसतात आणि धारेवर ते वाळूसारखेच काम करतात. ही चूक मी दोनदा केली आहे, दुसऱ्यांदा माहीत असूनही.

वाशिष्ठीकाठ

ढलपीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज पाती काढली. यंत्रासोबत आलेल्या चुंबकी पकडींनी ती अलगद वर आली. डाव्या टोकापासून बरोबर त्याच अंतरावर दोन्ही पात्यांना दाता आहे; एकाचा जोंधळ्याच्या दाण्याच्या निम्मा, दुसऱ्याचा त्याहून लहान. विजेरीखाली उरलेल्या धारेवर मध्यभागी सुमारे सहा इंच पांढरी रेघ चकाकते आणि दोन्ही टोकांना धार जवळजवळ काळीच आहे. हे पाहून माझे मलाच हसू आले, कारण मी प्रत्येक अरुंद फळी आजवर नेमकी यंत्राच्या मधोमध घालत आलो आहे.

आणखी एक शंका दूर झाली. तुळया अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांवर रचून ठेवल्या होत्या आणि खालच्या बाजूला तांबडी माती भरली होती. मी त्या नुसत्या फडक्याने झटकून यंत्रात घालत होतो.

आता एक प्रश्न गुण्याकाकांना. तुम्ही म्हणालात तसे माप घेऊन चांगली एचएसएस पाती आणली, तर फणसाचे खड्डे थांबतील का? की त्यासाठी वेगळ्याच पात्यांची गरज आहे?

पल्याडचा

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याकडे डीवॉल्टचे डीडब्ल्यू735 हे 13 इंची यंत्र आहे. त्यात तीन पाती असतात आणि तीही दुधारी आहेत. फणसाच्या प्रश्नाशी या यंत्रातली एक गोष्ट संबंधित आहे, म्हणून लिहितो.

रंधलेला पृष्ठभाग किती गुळगुळीत येईल हे दर इंचाला किती काप पडतात यावरही अवलंबून असते. माझ्या यंत्राचा ड्रम मिनिटाला 10,000 फेरे घेतो, म्हणजे तीन पात्यांचे मिळून 30,000 काप होतात. फळी मिनिटाला 26 फूट, म्हणजे 312 इंच पुढे गेली तर इंचाला 96 काप पडतात. वेग बदलून 14 फुटांवर आणला की तेच काप 179 होतात. वाशिष्ठीकाठ यांच्या यंत्रात 8,500 फेरे आणि दोन पाती, म्हणजे 17,000 काप. फळी मिनिटाला साडेआठ मीटर सरकते, म्हणून मिलिमीटरला दोन, इंचाला सुमारे 51 काप पडतात. तुमच्या यंत्राला वेग बदलण्याची सोय नाही, त्यामुळे वळणाऱ्या रेषेच्या लाकडात शेवटचा हात मारताना, म्हणजे फळी शेवटची यंत्रातून काढताना, मी जे करतो ते तुम्हाला करता येणार नाही.

इकडे अनेकजण पाती काढून टाकून नागमोडी रांगांत लहान चौकोनी कार्बाइडचे तुकडे असलेला ड्रमच बसवून घेतात. प्रत्येक तुकड्याला चार धारा असतात. एकीला दाता पडला तर तेवढाच तुकडा फिरवायचा. तुकडे तिरके कापत असल्याने लाकूड उपटणे खूप कमी होते आणि आवाजही उतरतो. पण त्या ड्रमची किंमत जवळपास यंत्राच्या किमतीला भिडते आणि तो बसवायला यंत्र बरेच उघडावे लागते. हौशी माणसाने ऐनाच्या दोन वाशांसाठी तो खर्च करावा असे मी म्हणणार नाही.

गुण्या

पल्याडचा यांनी गणित छान मांडले आहे, त्याला एक शेपूट जोडतो. इंचाला 51 काप हे गणित दोन्ही पाती अगदी सारख्या उंचीवर असतील तेव्हाचे. या यंत्रांत प्रत्येक काप लाकडात जी लाट सोडतो तिची खोली काही सहस्रांश मिलिमीटर असते, म्हणून एक पाते दुसऱ्यापेक्षा शतांश मिलिमीटरने जरी खाली असले तरी शेवटची लाट एकटे वरचे पातेच उमटवते आणि दुसरे फक्त मजुरी करते. घरगुती यंत्रांत बहुधा असेच घडते. तेवढे चालते, पण 0.12 मिमी फरकाच्या पात्यांनी काय होईल, हे यावरून लक्षात यावे.

फणसाबद्दल स्पष्ट सांगतो. तुमचे खड्डे पात्याच्या जातीमुळे पडलेले नाहीत. फणसाची रेषा थराथराला उलटसुलट विणलेली असते, त्यामुळे फळी कुठल्याही तोंडाने घातली तरी काही पट्टे सुलटे जातात आणि काही उलटे. उलट्या पट्ट्यात पाते लाकडाच्या धाग्याखाली शिरते आणि कापण्याऐवजी तो उचकटते. धार बोथट असली की हे वाढते, म्हणून नव्या पात्यांनी निम्मा फरक पडेल. उरलेला निम्मा तुमच्या हातात आहे. शेवटचे दोन-तीन हात अगदी हलके घ्या. तुम्ही अर्ध्या सुताचे, म्हणजे दीड मिलिमीटरचे हात घेत असाल तर फणसाला शेवटी कागदाच्या जाडीचे द्या. शेवटच्या हाताआधी ओलसर फडके फळीवरून फिरवा आणि दोन मिनिटे थांबा. वरचे धागे मऊ होतात आणि उचकटण्याऐवजी कापले जातात. फळी किंचित तिरकी घालता आली तर आणखी बरे, पण 12 इंची यंत्रात रुंद फळीला तेवढी जागा राहत नाही.

मोठ्या मशिनींत यावर दुसरा उपाय आहे. पात्याच्या पुढच्या तोंडाला धारेलगत 10 ते 15 अंशांचा अगदी अरुंद उतार घासतात. त्यामुळे कापण्याचा कोन उभा होतो आणि धागा उचकटत नाही. मोटरवर भार मात्र वाढतो, आणि फेकून द्यायच्या पात्यांवर हा उद्योग करू नये.

सुतारपक्षी यांच्या निळ्या डागाबद्दल थोडे मतभेद नोंदवतो. साध्या कार्बन पोलादाला ते शंभर टक्के लागू आहे; ते 300 अंशांच्या आसपास निळे होते आणि तोवर त्याची कठिणता उतरलेली असते. एचएसएसचे पाणी, म्हणजे कठीण केल्यानंतरचे टेम्परिंग, मात्र साधारण साडेपाचशे अंशांवर दिलेले असते, त्यामुळे नुसत्या निळसर छटेने ते मऊ पडत नाही. खरा धोका वेगळा आहे. कोरडे घासून तापलेल्या धारेवर मधूनच गार पाणी पडले की डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि पुढे धार कणाकणाने गळते. घासताना पाण्याचा फवारा हवाच, हा निष्कर्ष तुमचाच राहतो; त्यामागचे कारण तेवढे वेगळे आहे.

सुतारपक्षी

मान्य. आमच्याकडे गळणाऱ्या धारेला ‘पाते दळायला लागले’ म्हणतात, ते बहुधा हेच असावे.

वाशिष्ठीकाठ यांना शेवटचा सल्ला असा की एका जोडीवर सगळी लाकडे भागवू नका. जुनी जोडी टाकून देऊ नका. तिला तेलदगडावर हलके चार हात द्या, दाता राहू द्या, आणि घराच्या तुळया पहिल्यांदा साफ करायला तीच वापरा. काळा, मातकट वरचा थर निघाला, खिळे दिसले, काढले, मग नवी जोडी चढवा. पाती बदलायचा कंटाळा हाच हौशी लोकांचा सर्वांत मोठा खर्च आहे.

ढलपी

सुतारपक्षीदादांशी सहमत, पण जुनी पाती दगडावर देताना एक काळजी घ्यावी. हाताने धरून धार लावायला जाल तर दोन्ही पात्यांची रुंदी वेगवेगळी होईल. सागवानाच्या एका ठोकळ्यात धारेच्या उतारानुसार तिरका करवतीचा काप घ्या, पाते त्यात बसवा आणि ठोकळ्यासह 1000 नंबरच्या दगडावर चालवा. दोन्ही पात्यांना मोजून तितकेच हात द्यावेत. मी वीस देते.

मुंबईला कोणी जाणार असेल तर नागदेवीच्या हत्यारबाजारात जुने पाते हातात घेऊन पाठवा, नुसते माप सांगून नको. 12 इंची या एका शब्दाखाली तिथे निरनिराळ्या लांबीची पाती निघतात, कारण इंचाचा आकडा फळीच्या रुंदीचा असतो आणि पाते त्याहून थोडे लांब असते.

वाशिष्ठीकाठ

पाती आली, बसवली आणि दोन रविवार काम करून मगच लिहितो आहे.

आधी स्वस्त जोडीचे सांगतो. किंमत पाहून मोह आवरला नाही, म्हणून ओळखीच्या माणसाकडून परत घेण्याच्या अटीवर ती मागवली. भोके जुळली, वजनही सारखे भरले. रुंदी मात्र एका पात्यात टोकापासून टोकापर्यंत 0.09 मिमीने कमी होत गेली होती, आणि काचेवर ठेवल्यावर दुसऱ्याच्या मध्याखालून पोस्टकार्ड सरकेल एवढा उजेड दिसला. ती परत केली. कंपनीची एचएसएस जोडी आणली. तिच्यात माझ्या व्हर्नियरला फरक सापडला नाही. कार्बाइडचा विचार सोडला, कारण तुळयांच्या पहिल्याच साफसफाईत जुन्या पात्यांना आणखी एक मोडका खिळा लागला. चुंबक फिरवूनही तो सुटला होता. तुळईच्या पोटात बोटभर खोल गेलेला, चौकोनी, हाताने घडवलेला खिळा आहे. तो आता पडवीत कोनाड्यात ठेवला आहे.

बसवताना एक चूक होता होता राहिली. पहिले पाते बसवून बोल्ट एका टोकाकडून ओळीने आवळत गेलो, तर दुसरे टोक किंचित उचलल्यासारखे वाटले. सगळे सैल केले, बैठकीत अडकलेला भुशाचा एक कण दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला आणि मग मधल्या बोल्टपासून दोन्हीकडे थोडे थोडे आवळले. पात्यांच्या चारही कडांना मार्करने क्रमांक घातले आहेत, म्हणजे कुठली कड कधीपासून वापरात आहे ते वहीत लिहिता येईल. अरुंद फळ्या आता एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घालतो.

ऐनाची फळी पहिल्या हातातच सरळ निघाली, यंत्र कण्हले नाही. रूळ पुसल्यामुळे घसरणेही थांबले. फणसाला पहिले हात पाव सुताचे दिले, शेवटचे तीन अगदी हलके, आणि त्याआधी ओले फडके फिरवले. तीन फळ्यांपैकी दोन स्वच्छ आल्या. तिसरीत जिथे फांदीचा डोळा आहे तिथे दोन बोटांच्या जागेत पाच-सहा खड्डे राहिले. ते माझे आजोबा करत तसे फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडून काढले, आणि पिवळा पृष्ठभाग असा निघाला की त्यावर पॉलिश कागद लावायची गरज पडली नाही.

सुतारपक्षीदादा, धारवाल्याकडे चौकशी केली. हिऱ्याचे चाक नाही म्हणाला.